बहिणीला स्किझोफ्रेनिया, तिच्यावर मारहाणीची केस, वकील म्हणतात गुन्हा कबूल करून टाका. काय करू?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितोय इथं, कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या. नावगाव मुद्दाम सांगत नाही.

माझी थोरली बहीण, आम्ही अक्का म्हणतो, वय ३८. तेविसाव्या वर्षी पहिल्यांदा डॉक्टरनी स्किझोफ्रेनिया सांगितला. लग्न झालं की सुधारेल म्हणून दोन वर्षांत लग्न लावलं आणि सासरी कळायला नको म्हणून गोळ्या बंद केल्या, हे आमच्याच घरानं केलं, आता कुणाला बोलणार. तीन वर्षांत माहेरी आणून सोडली, मुलगी तिकडंच ठेवून घेतली, दाजींनी दुसरं लग्न केलं. पुन्हा गोळ्या सुरू केल्यावर सहा-सात वर्षं चांगली होती. शेतात यायची, भाकऱ्या करायची, माझ्या पोरींचे केस विंचरून द्यायची.

गेल्या वर्षी वजन वाढलं, पाळी बंद झाली, तेव्हापासून तिनं गोळ्या घ्यायचं सोडलं. आम्हाला वाटायचं घेतीय. नंतर तुळशीच्या कुंडीत सापडल्या, मातीत खोचलेल्या, किती त्याची मोजदाद नाही. मग सुरू झालं की शेजारच्या काकू आमच्या टाकीत औषध टाकतात. तीन महिने शाळेच्या हापशावरनं पाणी आणून वेगळं ठेवायची आणि आम्ही हसायचो, म्हणायचो अक्काचं आपलं काहीतरी असतंय. त्या दिवशी काकू नळावर होत्या, हिनं खुरपं घेतलं आणि खांद्यावर, हातावर मारलं. १४ टाके. मारून पळाली नाही, कट्ट्यावर बसून राहिली, पोलीस आल्यावर त्यांनाच सांगायला लागली की आधी टाकी तपासा.

आता ती जिल्ह्याच्या जेलमध्ये आहे, २० दिवस झाले. वकील म्हणतात गुन्हा कबूल करून टाका, लवकर मिटेल, आजाराचं काढू नका, 'वेडी' म्हणून शिक्का बसेल आणि पुढं पोरींच्या सोयरिकीला अडचण. गावात तर म्हणतायत असल्या बाया खुनशीच असतात, परत आणू नका. खरंच असं असतंय का? आणि कबूल करावं का?

काळाकोट

कबूल करू नका. बाकी नंतर वाचलं तरी चालेल, ही ओळ आजच वकिलांना सांगा, आणि त्यांना पटत नसेल तर वकील बदला.

मी सेशन कोर्टात फौजदारी कामं करतो. ह्यात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक (बरेच वकीलसुद्धा) त्यांची खिचडी करतात. पहिला प्रश्न आजचा: ताईंना आत्ता कोर्टात काय चाललंय ते कळतंय का, स्वतःचा बचाव करता येतोय का. नसेल तर खटला पुढं नेताच येत नाही. नवीन बीएनएसएसमध्ये (खटला कसा चालवायचा त्याचा कायदा) कलम ३६७ पासून ३७८ पर्यंत अख्खं प्रकरण ह्यावरच आहे, जुन्या सीआरपीसीत ते ३२८ पासून पुढं होतं. तुम्ही अर्ज दिला की मॅजिस्ट्रेट सिव्हिल सर्जनकडून तपासणी करून घेतात, तिथून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. आता ज्या बाईला कोर्टातलं काही समजत नाही तिच्याकडून गुन्हा कबूल करून घेणं म्हणजे काय ते तुम्हीच बघा. ह्याच प्रकरणातलं ३६९ नीट वाचायला सांगा वकिलांना: गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, आजारासाठी दवाखान्यात ठेवायची गरज नसेल आणि कुणी नातेवाईक नियमित उपचाराची आणि तिनं स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू नये ह्याची हमी घेत असेल, तर कोर्ट सोडू शकतं.

दुसरा प्रश्न त्या दिवसाचा: खुरपं मारताना आपण काय करतोय, ते चूक आहे, हे कळण्याच्या स्थितीत मन होतं का. हे बीएनएसचं (गुन्हे आणि शिक्षा सांगणारा कायदा) कलम २२, पूर्वीचं आयपीसी ८४. इथं डॉक्टरचा नुसता कागद पुरत नाही. आजार आहे म्हणून आपोआप सुटका होत नाही, कोर्ट वैद्यकीय वेड आणि कायद्यातलं वेड वेगळं धरतं. आधी काय वागणं होतं, त्या वेळी काय होतं, नंतर काय होतं, असं सगळं बघतात.

महाराष्ट्रातलाच एक खटला सांगतो. १९९४ मध्ये एका पोलीस कॉन्स्टेबलनं बायकोला मारलं, जन्मठेप झाली, आणि २००२ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. का? १९९२ पासून पॅरानॉइड (म्हणजे संशयाच्या) स्किझोफ्रेनियावर उपचार चालू होते, वडिलांनाही मानसिक आजार होता, घटनेनंतरच्या काही महिन्यांत २५ वेळा दवाखान्यात न्यावं लागलं, मारायचं कारण तकलादू होतं (नोकरी सोडायला बायकोचा विरोध, इतकंच), दिवसाढवळ्या मारलं आणि ना लपवलं ना पळाला. आता स्वतःची पोस्ट परत वाचा. कट्ट्यावर बसून राहिली, पोलिसांना टाकी तपासा म्हणाली. तुम्ही हे सहज लिहून गेलात, माझ्या दृष्टीनं केसमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती आहे. हे बघणारे कोण कोण होते, लिहून ठेवा. हापशावरनं पाणी आणताना बघणारे, शाळेचा शिपाई वगैरे, त्यांची नावं. जुनी प्रिस्क्रिप्शनं, मेडिकलची बिलं, सासरी असतानाचे कागद, सगळं काढा.

पैशाचा प्रश्न असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला असेल, कोठडीत असेल किंवा मानसिक आजारी असेल तर उत्पन्न कितीही असो मोफत वकील मिळतो, आणि अक्का तिन्हीत बसतात. हेल्पलाइन १५१००.

शिक्क्याचं म्हणाल तर कबुली दिली की दोषसिद्धी होते, तो शिक्का खरा. २२ खाली सुटली तर ती निर्दोष. पण एक गोष्ट लपवत नाही, तशी सुटका झाली तरी कोर्ट लगेच घरी सोडेलच असं नाही. सुरक्षित ठिकाणी ठेवायचा किंवा नातेवाइकाच्या ताब्यात द्यायचा आदेश करतात, कलम ३७४. म्हणजे ताब्यात घ्यायला कोणीतरी उभं राहावं लागतं.

पुराव्यानिशी

राग येईल पण बोलतो. हल्ली कुणीही उठतं आणि मानसिक आजाराचं सर्टिफिकेट आणतं. मारायच्या वेळी बरं खुरपं सापडतं, शेजारीणच बरी सापडते, घरच्यांना नाही मारलं. बाई म्हणून सहानुभूती घ्यायची आणि सुटायचं.

काळाकोट

@पुराव्यानिशी, इतकं सोपं असतं तर माझी वकिली जोरात चालली असती. २००७ ते २०१६ मधले वेगवेगळ्या हायकोर्टांचे असे १०२ निकाल डॉक्टरांनी तपासले होते, त्यात हा बचाव मान्य झाला १८ वेळा. सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते. १९६४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं ती थोडी हलकी केली, म्हणजे शंकेपलीकडं सिद्ध करायची गरज नाही, शक्यतेचं पारडं जड दिसलं तरी चालतं, पण तेवढंसुद्धा खेड्यातल्या माणसाला जमत नाही कारण कागद चुलीत गेलेले असतात.

गोठलेली_पुणेकर

मी स्वीडनमध्ये असते, सार्वजनिक आरोग्याच्या आकडेवारीवर काम करते, आणि ह्या विषयातले बरेच मोठे अभ्यास नेमके इथलेच आहेत कारण इथं प्रत्येक माणसाची दवाखान्याची नोंद आणि कोर्टाची नोंद एका नंबरनं जोडता येते (आपल्याकडं आधार असूनही हे व्हावं असं मला वाटत नाही, पण तो वेगळा विषय). "असल्या बाया खुनशीच असतात का" ह्याचं उत्तर देते.

१९९२ मध्ये शीला हॉजिन्स ह्यांनी १९५३ साली स्टॉकहोमला जन्मलेल्या पिढीचा अभ्यास छापला. गंभीर मानसिक आजार असलेल्या पुरुषांत हिंसक गुन्ह्याची शक्यता इतर पुरुषांच्या ४ पट होती आणि बायकांत इतर बायकांच्या २७ पट. हा २७ आकडा वाचला की लोक दचकतात, बातमीवाले तर नाचतातच. २००९ मध्ये सीना फझल आणि सहकाऱ्यांनी २० अभ्यास एकत्र केले, तिथंही तोच नमुना, पुरुषांत १ ते ७ पट, बायकांत ४ ते २९.

पण पट कशाची ते बघा ना. सर्वसाधारण बायका हिंसक गुन्हे इतके कमी करतात की तळाचा आकडा जवळजवळ शून्याला टेकलेला असतो, मग त्याच्यावर थोडंसं वाढलं तरी पट मोठी दिसते. तुमच्या चहात साखर अर्धा चिमूट असेल तर एक चमचा टाकल्यावर कितीतरी पट गोड झाला म्हणाल, पण बासुंदी नाही झाली. २०१४ ला फझलच्याच गटानं २४,२९७ रुग्ण बघितले. निदान झाल्यापासून ५ वर्षांत हिंसक गुन्ह्यासाठी शिक्षा झाली पुरुषांत १०.७ टक्के आणि बायकांत २.७ टक्के. म्हणजे शंभरातल्या सत्त्याण्णव जणींना अशी शिक्षा झालीच नाही. गावात सांगा.

आणि ते वाढलेलं बरंचसं दारू आणि ड्रग्जच्या व्यसनामुळं असतं. २००९ च्या त्या एकत्रित अभ्यासात व्यसन सोबत असेल तर धोका साधारण ९ पट, नसेल तर २ पट. औषधाचं म्हणाल तर स्वीडनमध्येच ८२ हजारांवर रुग्णांची तुलना त्यांच्या स्वतःशीच केली, म्हणजे गोळ्या चालू असतानाचा काळ आणि बंद असतानाचा काळ, आणि अँटिसायकोटिक (ह्या आजाराच्या गोळ्या) चालू असताना हिंसक गुन्हे ४५ टक्क्यांनी कमी दिसले. तुळशीच्या कुंडीचं वाचून मला तेच आठवलं.

उलट बाजू कुणी विचारत नाही म्हणून सांगते. शिकागोत गंभीर मानसिक आजाराच्या ९३६ लोकांना विचारलं तर वर्षभरात चौथ्या हिश्शाहून जास्त लोक स्वतः हिंसक गुन्ह्याचे बळी ठरले होते, सर्वसामान्यांच्या ११ पट. मार खाणारे ते जास्त असतात.

टाके_आठ

आकडे छान आहेत. मी त्या २.७ टक्क्यांपैकी एकीच्या शेजारी राहायचे.

आमच्या चाळीत वरच्या मजल्यावरची बाई. तिला वाटायचं मी तिच्या नवऱ्याला खुणा करते. पाट्याचा वरवंटा कपाळावर बसला, माझे आठ टाके, अजून डावी भुवई नीट वर होत नाही. सगळे म्हणायला लागले ती आजारी आहे, समजून घ्या. घेतलं हो. पण तिच्या घरचं एक माणूस दवाखान्यात बघायला आलं नाही. तिच्या दिरानं फक्त केस मागं घ्या म्हणून निरोप पाठवला, तोही वॉचमनकरवी. मला तिचा राग कधीच गेला, त्यांचा नाही गेला.

@कृष्णाकाठ, काकूंकडं गेलात का? तुमच्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये १४ टाके ह्यापलीकडं काकू कुठं दिसल्या नाहीत म्हणून विचारते.

पांढरी_साडी

ताई बरोबर बोलल्या. मी सरकारी मनोरुग्णालयात बायकांच्या वॉर्डला २२ वर्षं सिस्टर होते, आता रिटायर. कुठल्या ते सांगत नाही, जुनी चारच आहेत राज्यात, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी.

कोर्टाच्या ऑर्डरनं आलेल्या बायका मी पुष्कळ बघितल्या. परक्याला मारून आलेली क्वचित. मुलाला, सासूला, नवऱ्याला, नाहीतर भिंतीपलीकडच्या बाईला. दिवसभर जी माणसं डोळ्यापुढं तीच संशयात येतात, पुरुष निदान बाहेर भटकतो तरी. त्यामुळं @पुराव्यानिशी भाऊ, "शेजारीणच बरी सापडली" असं नसतं, तिच्या जगात दुसरं कोण होतं सांगा. आणि प्रत्येकीचं घरचं म्हणायचं की अचानक झालं. अचानक काही नसतं. घरचं जेवण सोडणं, पाणी वेगळं ठेवणं, कानात कापूस, कानाला फडकं घट्ट बांधणं, रात्र रात्र दाराशी बसणं, उशीखाली विळा. आमच्याकडं बाईच्या ह्या गोष्टींना दुसरी नावं तयार असतात. भांडखोर आहे, सासूशी पटत नाही, अंगात येतं, करणी झालीय. पुरुषानं असं केलं तर शेजारी घाबरून पोलिसाला तरी बोलावतात, बाईला माहेरी पाठवतात. आजार बायकांत उशिरा पण सुरू होतो, चाळिशी-पंचेचाळिशीनंतर पाळी जायच्या सुमाराससुद्धा, तेव्हा तर सगळे म्हणतात वयाचं आहे.

पाळी बंद झाली आणि वजन वाढलं हे त्या काही गोळ्यांनी होतं, प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं. अक्कांना कुणी विचारलंच नसणार, बाई पुरुष डॉक्टरला सांगत नाही आणि डॉक्टर घाईत असतात. ह्याच्यावर गोळी बदलता येते हो! एवढ्यासाठी गोळ्या सोडून पुढं खुरप्यापर्यंत गेलेली बाई मी एकटी नाही बघितली. आणि गोळ्या लपवत असेल तर दोन आठवड्याचं, महिन्याचं इंजेक्शन असतं, डॉक्टरशी बोला.

जेलमधलं सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १०३ आहे, कैद्याला उपचार मिळाले पाहिजेत आणि गरज पडली तर मनोरुग्णालयात हलवलं पाहिजे. पण ओपीडीला न्यायला एस्कॉर्ट लागतो, बाईसाठी महिला पोलीस लागते, ती बंदोबस्ताला गेली की तारीख चुकते. म्हणून जुन्या प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स जेलच्या डॉक्टरांच्या हातात द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून येऊ नका.

आता शेवटचं, हे लिहायला जड जातं. आमच्या वॉर्डात बऱ्या झालेल्या बायका वर्षानुवर्षं राहायच्या. ऑर्डर झालेली, डॉक्टरनी फिट लिहिलेलं, घरी पत्र टाकलं की पत्ता चुकीचा, फोन बंद. पुरुषांच्या वॉर्डात आई यायची मुलाला न्यायला, म्हातारी, एसटीनं, डबा घेऊन. बायकांच्या वॉर्डात कोण येणार, नवऱ्यानं दुसरी केलेली, भाऊ म्हणायचे बायको ऐकत नाही. एक जण दर दिवाळीला पिशवी भरून दाराशी बसायची. मी तिथून रिटायर झाले, ती तिथंच होती.

जुनी_कात्रणं

सिस्टर, तुमचं वाचून जुनं आठवलं. १९८२ मध्ये हजारीबागच्या जेलमधल्या मनोरुग्ण कैद्यांचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा कळलं की काही जण वीस-वीस, तीस-तीस वर्षं आत पडून होते. नंतर आपल्या मुंबईच्या पत्रकार शीला बर्से लढल्या. काहीही गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना जेलमध्ये ठेवणं बेकायदेशीर, हा १९९३ चा निकाल त्यांच्यामुळं आहे. मुंबईच्या लॉकअपमधल्या बायकांसाठीचा १९८३ चा निकालही त्यांचाच.

आणि एक थोडं अवांतर. शाळेत शेक्सपिअरच्या नाटकांच्या गोष्टी वाचल्यात ना, चार्ल्स आणि मेरी लॅम्बच्या? त्यातल्या मेरीनं १७९६ मध्ये आजाराच्या झटक्यात जेवणाच्या टेबलावरच्या सुरीनं स्वतःच्या आईला मारलं होतं. (स्किझोफ्रेनिया नसावा तिला, हल्ली बायपोलर म्हणतात.) भाऊ तेव्हा २१ वर्षांचा, आदल्याच हिवाळ्यात तो स्वतः सहा आठवडे वेड्यांच्या इस्पितळात राहून आलेला. त्यानं बहिणीची हमी घेतली आणि जन्मभर घरी सांभाळली, लक्षणं दिसायला लागली की दोघं चालत इस्पितळात जायची आणि बरी झाली की परत यायची. ते पुस्तक त्या घटनेनंतर ११ वर्षांनी, १८०७ ला आलं. कायदा तेव्हा आजच्यापेक्षा कच्चा होता, फक्त न्यायला भाऊ आला होता.

पुराव्यानिशी

सिस्टरचं वाचलं. "बरी सापडली" हे शब्द मागं घेतो. खोट्या सर्टिफिकेटांबद्दलचं मत तेच आहे पण ते ह्या केसला लावायला नको होतं.

कृष्णाकाठ

दहा दिवसांनी लिहितोय, माफ करा, शेतात ऊस तोडणी आणि कोर्ट एकदमच आलं.

आधी काकूंचं. @टाके_आठ ताई, तुम्ही विचारलं तेव्हा मान खाली गेली. आम्ही गेलो नव्हतो. आई आणि मी दुसऱ्या दिवशी गेलो. काकांनी आत घेतलं नाही, काकूंनी घेतलं. हात अजून गळ्यात अडकवलेला. त्या म्हणाल्या, ती महिनाभर माझ्याकडं बघायची तेव्हा मला कळत होतं काहीतरी बिनसलंय, मी तुझ्या आईला बोलले पण होते. आई रडायला लागली, म्हणजे बोलल्या होत्या. टाक्यांचा आणि औषधाचा खर्च मी देतो म्हटलं, त्यांनी हो नाही काही म्हटलं नाही, बिलं मात्र दाखवली, मी फोटो काढून आणलेत.

वकील बदलले, विधी सेवेतनं एक मॅडम मिळाल्या. ३६७ चा अर्ज दिला, सिव्हिलला तपासणीची ऑर्डर झाली. पहिल्या तारखेला महिला पोलीस नव्हती म्हणून गेली, सिस्टरनी सांगितलं होतं तसंच. दुसऱ्या तारखेला नेलं. रिपोर्ट यायचाय. जेलच्या डॉक्टरांना झेरॉक्स दिली, पोच घेतली. हापशाचं शाळेच्या शिपायाला विचारलं, ते सांगायला तयार आहेत, म्हणाले रोज दोन कळशा न्यायची आणि कळशीच्या तोंडाला ओढणी बांधायची.

मुलाखतीला गेलो तर अक्का जाळीपलीकडनं म्हणाली इथलं पाणी चांगलं आहे. मग म्हणाली टाकी धुतली का. मी धुतली म्हणालो. तशी आम्ही खरंच धुतली.

हमी घ्यायची झाली तर बायको तयार आहे, घर मात्र काकूंच्या भिंतीला भिंत लागूनच आहे, त्यामुळं तिला मळ्यातल्या खोलीवर ठेवावं का, तिथं रात्री एकटी पडेल, आणि आई तिथं जाऊन राहील म्हणते पण आईचे गुडघे गेलेत. @काळाकोट साहेब, हमीपत्रात पत्ता मळ्याचा लिहिला तर चालतो का? आणि @पांढरी_साडी सिस्टर, ते महिन्याचं इंजेक्शन गावातल्या पीएचसीत कोणी देतं का, का दर वेळी जिल्ह्यालाच न्यायला लागेल?

पांढरी_साडी

डॉक्टरनी लिहून दिलं तर इंजेक्शन पीएचसीची सिस्टर देऊ शकते. आधी चौकशी करून ठेवा त्यांच्याकडं साठा असतो का, नसेल तर तुम्ही घेऊन जायचं. आणि १४४१६ वर टेलिमानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) फोन लावा, मराठीत बोलतात, आईलाही बोलू दे. मळ्यात एकटी ठेवू नका.

काळाकोट

मळ्याचा पत्ता चालेल, पण तिथं राहणार कोण त्याचं नाव लिहावं लागेल. मॅडमना काकूंच्या घरापासूनचं अंतर पण अर्जात टाकायला सांगा. कोर्टाला आणि काकूंना दोघांनाही बरं वाटेल. रिपोर्ट आला की इथं कळवा.